आयर्लंडचं क्रिटिकल स्किल्स परमिट आलं, आता नोंदणीचं काय? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत परदेशी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची कागदपत्रं बघणं हे माझं रोजचं काम. आयर्लंडला मास्टर्स करून तिथेच नोकरीला लागलेली मुलं, इथून थेट क्रिटिकल स्किल्स परमिटवर (तिकडे कमतरता असलेल्या कुशल कामांसाठीचा कामाचा परवाना) निघालेले इंजिनिअर आणि त्यांचे ठाणे, कळवा, वाशी, खारघरमधले आईवडील मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. परमिट आलं की घरात पेढे येतात, फोन होतात, आणि त्यानंतर करायचा नोंदणीचा अर्ज मात्र 'करू की' म्हणत मागे पडतो. चांगल्या पगाराची, चांगल्या डोक्याची मुलं केवळ एका कार्डाच्या तारखेपायी मुंबई विमानतळावर अडकतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे.

ताई, परमिट आलं. आता सगळं झालं ना?

नाही. अर्धं झालं. आयर्लंडमध्ये काम करण्याचा परवाना एक खातं देतं आणि राहण्याची परवानगी दुसरं. एम्प्लॉयमेंट परमिट एंटरप्राइज खात्याकडून येतं. देशात राहण्याची परवानगी न्याय खात्याखालची इमिग्रेशन सर्व्हिस डिलिव्हरी देते, तिला सगळे आयएसडी म्हणतात. परमिट मंजूर झालं म्हणून आयएसडीकडची तुमची नोंद आपोआप बदलत नाही. ती तुम्हालाच अर्ज करून बदलून घ्यावी लागते, आणि ती बदलल्याचा पुरावा म्हणजे आयआरपी (आयरिश रेसिडेन्स परमिट) कार्ड. पूर्वी याला जीएनआयबी कार्ड म्हणायचे. डिसेंबर २०१७ मध्ये नाव आणि कार्ड दोन्ही बदललं, पण जुनी माणसं अजून 'जीएनआयबी' म्हणतात, तेव्हा गोंधळू नका.

स्टँप १, स्टँप १जी, स्टँप २, स्टँप ४ हे काय प्रकरण आहे?

तुम्ही त्या देशात कोणत्या अटींवर राहता, ते हा स्टँप सांगतो. शिकायला गेलेल्यांना स्टँप २ मिळतो. त्यावर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास. डिग्री पूर्ण झाली की नोकरी शोधायला स्टँप १जी मिळतो, ऑनर्स बॅचलरवाल्यांना १२ महिने आणि मास्टर्सवाल्यांना २४ महिने, तेही १२ अधिक १२ असे दोन तुकड्यांत. एम्प्लॉयमेंट परमिटवर काम करणाऱ्यांचा स्टँप १. आणि परमिटची गरजच संपते तो स्टँप ४, क्रिटिकल स्किल्सवाल्यांना तो २१ महिन्यांनंतर मागता येतो.

मी १जीवर आहे, कार्डाला अजून पाच महिने आहेत. परमिट आलंय, पण १जीवर पूर्ण वेळ काम करताच येतं. मग आत्ताच बदलायची घाई कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न हाच.

कामापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. १जी चालू आहे तोवर तुम्ही पूर्ण वेळ काम करू शकता. पण त्या पाच महिन्यांत काय होतं ते मी बघत आले आहे. कंपनीचा प्रोजेक्ट सुरू होतो, घर बदलतं, दिवाळीची तिकिटं निघतात. मग कार्ड संपायला दहा दिवस उरतात आणि मुलगा रात्री अकराला मेसेज करतो. १जीची एकूण मुदत ठरलेली असते, ती संपली की पुढे ताणता येत नाही. तुम्ही परमिटवर नोकरी करताय हे आयएसडीच्या नोंदीत आलंच पाहिजे, आणि पुढे स्टँप ४ मागताना किंवा नागरिकत्वाचा अर्ज करताना तुमचा सगळा इतिहास याच नोंदींवरून वाचला जातो.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. परमिटवरची सुरुवातीची तारीख आली, तुम्ही त्या नोकरीवर रुजू झालात, की त्याच आठवड्यात स्टँप १साठी अर्ज टाका. जुन्या कार्डावरचे उरलेले महिने 'वाया जातात' याची हळहळ नको. नव्या कार्डाच्या शुल्काचे ३०० युरो आज नाही तर पाच महिन्यांनी भरायचेच आहेत.

अर्ज कुठे करायचा? पुन्हा डब्लिनला ऑफिसात जावं लागतं का?

आधीपासून नोंदणी असेल, म्हणजे तुमच्याकडे चालू आयआरपी कार्ड असेल, तर आयएसडीच्या ऑनलाइन पोर्टलवरून करायचा. तुम्ही कॉर्कला राहा की गॉलवेला, पोर्टल एकच. पूर्वी डब्लिनबाहेरच्यांना स्थानिक गार्डा स्टेशनात, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात, जाऊन नोंदणी करावी लागायची. जानेवारी २०२५ पासून सगळ्या देशाची नोंदणी आयएसडीकडे आली आहे, त्यामुळे सीनिअर मित्राने सांगितलेली 'गार्डात जा' ही माहिती आता जुनी समजा.

अर्ज भरताना जुना स्टँप कुठला आणि नवीन कुठला हवा ते नीट निवडा. 'रिन्यूअल' शब्द बघून पोरं पुन्हा १जीच निवडतात आणि मग अर्ज परत येतो. पासपोर्टचं माहितीचं पान, चालू आयआरपी कार्डाच्या दोन्ही बाजू आणि एम्प्लॉयमेंट परमिट लागतं. कंपनीचं अलीकडचं पत्र आणि पगाराच्या स्लिपाही हाताशी ठेवा, मागितल्या तर शोधाशोध नको. परमिटच्या सगळ्या पानांची पीडीएफ द्या, फक्त पहिलं पान नको. मोबाइलवर वाकडा फोटो काढून, कडेला अंगठा दिसतोय असं पान अपलोड केलं की ते अस्पष्ट म्हणून परत येतं आणि तुमचे आठवडे जातात. फोनमधल्या स्कॅनर ॲपनं, दिवसाउजेडी, सपाट टेबलावर स्कॅन करा.

शुल्क भरलं की अर्जाचा एक क्रमांक मिळतो, तो ओरेग (OREG) या अक्षरांनी सुरू होतो. तो ईमेल जपून ठेवा, पीडीएफ करून घरच्यांनाही पाठवा. एचआरला, बँकेला, घरमालकाला 'अर्ज केला आहे' हे दाखवायला तोच कामाला येतो.

किती दिवस लागतात?

हंगामावर अवलंबून आहे. सप्टेंबर ते डिसेंबर विद्यार्थ्यांची गर्दी असते आणि वेळ वाढतो. आयएसडी सध्या कोणत्या तारखेचे ऑनलाइन अर्ज हातात घेतले आहेत ते जाहीर करतं. तसंच एंटरप्राइज खातंही परमिटच्या अर्जांच्या चालू तारखा लावतं. मित्राला किती दिवस लागले यापेक्षा त्या तारखा बघा. कार्ड संपण्याआधी १२ आठवड्यांपर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्याची वाट बघायला कारणच उरत नाही.

परमिटवर एक नाव, मार्कशीटवर दुसरं. चालेल?

हा खास आपला प्रश्न आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

मुंबई विद्यापीठाची मार्कशीट काढून बघा. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं नाव, असं सलग छापलेलं असतं. पासपोर्टवर मात्र आडनाव एका ओळीत आणि 'गिव्हन नेम'च्या ओळीत तुमचं आणि वडिलांचं नाव एकत्र. कंपनीच्या एचआरने ऑफर लेटर फक्त नाव-आडनाव टाकून बनवलेलं. आता परमिटचा अर्ज ज्याने भरला त्याने यातलं कुठलं नाव उचललं, यावर पुढचं सगळं ठरतं.

नियम एकच ठेवा. परमिट, ऑफर लेटर आणि नोंदणी या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षरन् अक्षर. वडिलांचं नाव पासपोर्टवर असेल तर परमिटवरही हवं. आयरिश एचआरला मधल्या नावाची आपली पद्धत माहीत नसते, त्यांना पहिल्याच ईमेलमध्ये पासपोर्टचं पान पाठवून 'असंच लिहा' म्हणून सांगा. चूक राहिली असेल तर परमिट आल्या आल्या एंटरप्राइज खात्याकडून दुरुस्त करून घ्या आणि मगच नोंदणीचा अर्ज करा.

लग्न झालेल्या मुलींचा पेच मोठा असतो. काही घरांत लग्नानंतर आडनावाबरोबर पहिलं नावही बदलतात. डिग्री माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, आणि लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही. पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रत काढून ठेवाच. आडनावच बदललं असेल तर महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला बहुतेक ठिकाणी पुरतो. तो ठाणे महापालिकेचा असो की नवी मुंबईचा, मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे भाषांतराचा खर्च वाचतो. लग्न घाईत झालं आणि नोंदणी राहिली असेल, तर विमानाच्या तिकिटाआधी वॉर्ड ऑफिसात जाऊन ती उरका.

मी तिकडे शिकलेलो नाही. ठाण्याहून थेट परमिटवर चाललोय. माझी नोंदणी कशी होणार?

तुमचा क्रम असा. परमिट मंजूर झालं की आधी लाँग स्टे 'डी' व्हिसा, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त राहण्याचा. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद आणि पासपोर्ट मुंबईतल्या व्हिसा अर्ज केंद्रात द्यायचे. मुंबईत २०१९ पासून आयर्लंडचं कॉन्सुलेट जनरल आहे, पण कागदपत्रं घेऊन तिथे जाऊन उभं राहू नका, व्हिसाची प्रक्रिया केंद्रातूनच चालते.

डब्लिनला उतरल्यावर इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर परमिट, ऑफर लेटर आणि राहण्याचा पत्ता हातातल्या बॅगेत तयार ठेवा, चेक-इनच्या सुटकेसमध्ये नको. तो पासपोर्टवर शिक्का मारतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची. पहिली नोंदणी मात्र ऑनलाइन होत नाही. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं, डब्लिनमध्ये लिफी नदीकाठच्या बर्ग क्वे ऑफिसात, ओकॉनेल ब्रिजजवळ. अपॉइंटमेंट घेऊनच जायचं. '९० दिवस आहेत की' म्हणून थांबू नका, पोचल्याच्या आठवड्यात तारीख घ्या, कारण मिळणारी तारीख पुढचीच असते.

जाण्याआधी ठाण्यात करायचं एक काम आहे. पासपोर्टची मुदत बघा. दीड-दोन वर्षांहून कमी उरली असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून इथेच नवा करून घ्या, आणि हे परमिटच्या अर्जाआधी करा, म्हणजे परमिटवर नवा पासपोर्ट क्रमांक येईल. तिकडे डब्लिनच्या भारतीय दूतावासातूनही होतं, पण मग परमिटवर जुना क्रमांक, पासपोर्टवर नवा, आणि नोंदणीही नव्याने कळवायची, असा दुहेरी व्याप होतो. पोलीस पडताळणीला तुम्ही घरी नसलात तर फाइल अडते, तेव्हा निघायच्या आदल्या पंधरवड्यात हे काम काढू नका.

३०० युरो प्रत्येक वेळी? कंपनी देते का?

हो, प्रत्येक कार्डाला, प्रौढ माणसामागे. १८ वर्षांखालच्यांना शुल्क नाही. कार्डाचे पैसे कंपनीने द्यावेत असं बंधन नाही, पण बऱ्याच कंपन्या मागितल्यावर परत करतात. मागायला लाजू नका. परमिटच्या शुल्काची गोष्ट वेगळी आहे. क्रिटिकल स्किल्सचं शुल्क १,००० युरो आहे, आणि कंपनीने भरलेलं हे शुल्क पगारातून कापायला तिथला कायदा मनाई करतो. तुमच्या पहिल्या स्लिपवर असली कपात दिसली तर गप्प बसू नका.

गणपतीला घरी यायचंय. अर्ज टाकलाय, कार्ड आलेलं नाही. येऊ का?

जुन्या कार्डाची मुदत तुमच्या परतीच्या तारखेनंतरची असेल तर या. नसेल तर येऊ नका.

मला माहीत आहे, हे लिहायला सोपं आणि ऐकायला कठीण आहे. आईने आरास ठरवलेली असते, सोसायटीच्या मंडळाने नाव आरतीच्या यादीत घातलेलं असतं. पण परतताना मुंबई विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवरची माणसं तुमच्या आयआरपी कार्डावरची तारीख वाचतात. भारतीय पासपोर्टवाल्या प्रौढाला मे २०१९ पासून वेगळा री-एन्ट्री व्हिसा लागत नाही, चालू आयआरपी कार्ड हाच परत शिरण्याचा आधार. ते संपलेलं असेल तर विमान कंपनी तुम्हाला चढवूच शकत नाही. पोर्टलची पावती तिथे चालेल हे गृहीत धरू नका.

गेली काही वर्षं नाताळच्या सुमारास आयर्लंडचं न्याय खातं एक सूचना काढतं. ज्यांनी मुदतीत अर्ज केला आहे पण कार्ड आलेलं नाही, त्यांना ठरावीक काळापुरता नुकत्याच संपलेल्या कार्डावर प्रवास करू दिला जातो. ती सूचना डिसेंबर-जानेवारीपुरती असते, गणपती-नवरात्राला तिचा उपयोग नाही. तिच्या भरवशावर यायचं असेल तर ती छापून, अर्जाच्या पावतीसोबत हातात ठेवा आणि तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. आणखी एक, संपलेल्या कार्डावर येताना लंडनमार्गे तिकीट काढू नका. ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम वेगळे, तुमच्या कार्डाची भानगड तिथे दुप्पट होते. आखातातून येणं सोयीचं.

तिकीट आणि अर्ज यांत आधी अर्ज. नवीन कार्ड हातात पडल्यावर तिकीट काढलं तर चार-पाच हजार जास्त जातील, जाऊ द्या.

मी ठाण्यात असतानाच कार्ड संपलं. आता?

तुम्ही देशाबाहेर असताना ते नुसतं ऑनलाइन अर्ज टाकून सुटत नाही. परत जायला नव्याने व्हिसा लागतो, आणि त्यासाठी परमिट, कंपनीचं पत्र आणि उशिराचं खरं कारण मांडावं लागतं. घरात आजारपण होतं तर हॉस्पिटलचे कागद जोडा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. ठाण्यात बसून आयरिश कंपनीचं काम लॅपटॉपवर 'तोवर चालू ठेवतो' म्हणणाऱ्यांना सांगते, करायचं असेल तर एचआरच्या लेखी परवानगीनेच, कारण त्यात इथल्या करांचेही प्रश्न येतात.

बायकोला कधी नेता येईल? तिला तिकडे नोकरी करता येते का?

क्रिटिकल स्किल्स परमिटची ही मोठी सोय आहे. वर्ष-दोन वर्षं थांबायची गरज नाही, तुमच्याबरोबर किंवा लगेच मागाहून जोडीदाराचा व्हिसा मागता येतो. मार्च २०१९ पासून क्रिटिकल स्किल्सवाल्यांच्या नवरा-बायकोला नोंदणी करताना स्टँप १जी मिळतो. त्यावर कोणत्याही कंपनीत, वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येते. स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स मात्र नाही. जनरल परमिटवाल्यांच्या (हा परमिटचा दुसरा, सर्वसाधारण प्रकार) तिथे आधीच राहणाऱ्या जोडीदारांनाही १५ मे २०२४ पासून ही सवलत मिळाली, पण कुटुंबाला बोलावण्यासाठी त्यांना थांबावं लागतं आणि उत्पन्नाच्या अटी कडक आहेत.

जोडीदाराची पहिली नोंदणीही बर्ग क्वेलाच प्रत्यक्ष होते. विवाह नोंदणीचा मूळ दाखला बरोबर न्या आणि शक्यतो दोघंही जा. इथे तुमचं स्वतःचं कार्ड अद्ययावत असण्याचा मुद्दा पुन्हा येतो. तुमच्या कार्डावर अजून विद्यार्थ्याचा १जी दिसत असेल तर समोरच्या अधिकाऱ्याला तुम्ही परमिटधारक असल्याचं कार्डावरून कळत नाही, आणि बायकोची फाइल तुमच्यामुळे लांबते.

मुलांची नोंदणी?

१६ वर्षं पूर्ण होईपर्यंत नोंदणी नाही, व्हिसा मात्र लागतो. १६वा वाढदिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आम्ही आईवडील भेटायला जाणार आहोत. मुलाच्या कार्डाचा आमच्याशी काय संबंध?

काका-काकू, खूप संबंध आहे. तुमच्या व्हिझिट व्हिसाच्या फाइलमध्ये मुलाच्या आयआरपी कार्डाची प्रत जाते. संपलेलं किंवा जुन्या स्टँपचं कार्ड जोडलं तर 'बोलावणाऱ्याची स्थिती काय' असा प्रश्न उभा राहतो. तुमची फाइल ठाण्यात कितीही नीट लावली, तरी तिचं एक पान डब्लिनहून यायचं असतं. फाइल देण्याआधी मुलाकडून कार्डाच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत आणि परमिट मागून घ्या.

शॉर्ट स्टे व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि ते वाढवून मिळेल या आशेवर जाऊ नका. भारतातून अर्ज करणाऱ्यांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा फायदा मिळू शकतो. व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर ब्रिटनही बघता येतं, पण आधी आयर्लंडमध्ये उतरायचं. मुलाच्या स्वतःच्या आयआरपी कार्डावर मात्र बेलफास्टलाही जाता येत नाही. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये येतं, वाटेत चौकी दिसत नाही म्हणून मुलं बसने जातात, आणि पुढे एखाद्या व्हिसाच्या अर्जात ते अडचणीचं ठरतं. युरोपच्या शेंगेन देशांसाठीही वेगळा व्हिसा लागतो.

स्टँप १ झाल्यावर शनिवार-रविवारची जुनी रेस्टॉरंटची नोकरी चालू ठेवू?

नाही. परमिटवर लिहिलेली कंपनी आणि लिहिलेलं काम, तेवढंच. डिलिव्हरीही नाही, मित्राच्या स्टार्टअपला पैसे घेऊन मदतही नाही. १जीच्या काळात अशी दुसरी नोकरी असेल तर परमिट सुरू व्हायच्या आधी रीतसर राजीनामा द्या आणि रेव्हेन्यूच्या, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या, ऑनलाइन खात्यात ती बंद दिसतेय ना ते तपासा. तिथे दोन नोकऱ्या दिसत राहिल्या तर कर चुकीचा कापला जातो आणि नोंदीत विसंगतीही राहते. तुमचा पीपीएस क्रमांक (कर आणि सरकारी कामांसाठीचा तिथला ओळख क्रमांक) स्टँप बदलला तरी तोच राहतो, नवीन मागू नका.

नोकरी बदलायची आहे. आणि समजा, नोकरी गेलीच तर?

२ सप्टेंबर २०२४ पासून नवा परमिट कायदा लागू झाला. पहिल्या परमिटवर मूळ कंपनीत राहायचा काळ त्याने १२ महिन्यांवरून ९ महिन्यांवर आणला. त्यानंतर त्याच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलायला अर्ज करता येतो. मंजुरी हातात येईपर्यंत नव्या ठिकाणी रुजू व्हायचं नाही, मग नवा मॅनेजर कितीही घाई करो.

नोकरी कपातीत गेली तर घाबरून लगेच परतीचं तिकीट काढू नका. चार आठवड्यांच्या आत एंटरप्राइज खात्याला कळवायचं असतं, आणि दुसरी नोकरी शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुभा मिळते. हे कळवणं राहिलं की ती मुभा धोक्यात येते. कित्येक मुलं आधी घरीच सांगत नाहीत, मग खात्याला कळवणं तर दूरच. आईवडिलांना माझी विनंती आहे, मुलाचा आवाज उतरलेला वाटला तर पगाराविषयी नंतर विचारा, आधी 'खात्याला कळवलंस का' एवढं विचारा.

अर्ज टाकल्यावर घर बदललं. कार्ड कुठे जाईल?

जुन्या पत्त्यावर. कार्ड टपालाने येतं, आणि डब्लिनमध्ये एका घरात पाच-सहा जण राहत असतात, कोणाचं पाकीट कोणी उचललं ते कळत नाही. पत्ता बदलला की ताबडतोब आयएसडीला कळवा, नवा आयरकोड (तिथला पिनकोड) नीट लिहा आणि जुन्या घरातल्या एखाद्या विश्वासू मित्राला सांगून ठेवा.

कार्ड हरवलं तर?

आयर्लंडमध्ये हरवलं तर गार्डा स्टेशनात नोंद करून दुसऱ्या कार्डाचा अर्ज. भारतात हरवलं तर स्थानिक पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा आणि परतण्यासाठी लगेच आयरिश व्हिसा कार्यालयाशी संपर्क साधा, कार्डाशिवाय विमानतळावर जाऊ नका. ठाण्यात आलात की कार्ड पाकिटातून काढून घरच्या कपाटात ठेवा. संध्याकाळी सहाच्या कर्जत लोकलमध्ये त्याचं काही काम नाही. दोन्ही बाजूंचा फोटो फोनमध्ये आणि ईमेलमध्ये असू द्या.

स्टँप ४ आणि नागरिकत्वासाठी आत्तापासून काय सांभाळायचं?

खंड पडू देऊ नका, एवढंच. नागरिकत्वासाठी नऊ वर्षांतली पाच वर्षं मोजणीत धरलेली राहणी लागते, त्यात शेवटचं एक वर्ष सलग. त्या वर्षात साधारण ७० दिवसांपर्यंत देशाबाहेर राहिलेलं चालतं. स्टँप २ची वर्षं धरली जात नाहीत. दोन कार्डांच्या मधे तारखांची फट राहिली तर तेवढे दिवस हिशोबातून जातात. आज केलेल्या आळसाची किंमत अशी पाच वर्षांनी द्यावी लागते. प्रत्येक कार्डाची प्रत आणि प्रत्येक पासपोर्टच्या सगळ्या पानांचं स्कॅन जपून ठेवा. आणि घरी हेही बोलून ठेवा की भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. आयरिश पासपोर्ट घेतला की भारतीय सोडावा लागतो, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड.

ठाण्यात एजंट आहेत, ते 'नोंदणी करून देतो' म्हणून पैसे मागतात. द्यावेत का?

स्टँप बदलण्याच्या अर्जासाठी माझ्या मते नाही. एका ओळखीच्या मुलाकडून ठाण्यातल्या एका सल्लागाराने या अर्जाचे पंचवीस हजार घेतले आणि अर्जात ईमेल स्वतःचा टाकला. आयएसडीने एक कागद मागितला, तो ईमेल सल्लागाराच्या पेटीत पडून राहिला, मुलाला पत्ताच नाही. अर्ज तुमच्याच ईमेलवरून, तुमच्याच पासवर्डने करा. प्रकरण खरोखर गुंतागुंतीचं असेल, आधी नकार आला असेल, मधे मोठा खंड पडला असेल, तर पैसे आयर्लंडमधल्या सॉलिसिटरला द्या.

निघण्याआधी इथल्या बँकेत काही करायचं का?

हो. परदेशात राहायला गेलात की ठाण्यातलं साधं सेव्हिंग खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या पैशांसाठीच्या खात्यात, बदलून घ्यावं लागतं, तिकडची कमाई इथे ठेवायला एनआरई खातं उघडा. नवीन पीपीएफ खातं उघडता येत नाही, जुनं मुदतीपर्यंत चालतं. बँकेला तुमच्या परदेशातल्या राहण्याचा पुरावा हवा असतो, आणि तिथेही आयआरपी कार्डाचीच प्रत मागतात.

आयएसडीला इथून काही विचारायचं तर कधी?

त्यांच्या पोर्टलवरच्या चौकशी फॉर्मने विचारा आणि ओरेग क्रमांक द्यायला विसरू नका. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. तिकडे सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा ठाण्यात दुपारचे दीड किंवा अडीच वाजलेले असतात. एकच प्रश्न तीन-तीनदा पाठवू नका, आणि उत्तर आलं की त्यात मागितलेला कागद त्याच दिवशी अपलोड करा.